‘९९९९ इन वन’मध्ये मारिओ थ्री का नसायचा?

नव्वदच्या दशकात नांदेडच्या वजिराबादेतून किंवा लातूरच्या गंजगोलाईतून ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम आला, त्यांना ती कॅसेट आठवत असणार. वर मारिओचं भडक रंगांतलं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘९९९९ इन वन’. काही कॅसेटींवर तर नऊचा आकडा सात-सात वेळा छापलेला असे. यंत्राचं नाव सामुराई, मीडिया, लिटल मास्टर काहीही असो. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खोचली, खरखर थांबेपर्यंत चॅनेल फिरवला की यादी उघडायची. रणगाड्यांची बॅटल सिटी, बंदुकीनं बदकं टिपायची डक हंट, सर्कस, रोड फायटर आणि अर्थातच मारिओ.

एक गेम मात्र त्या यादीत सहसा सापडत नसे. मारिओ थ्री.

त्याची कॅसेट वेगळी घ्यावी लागे आणि ती महाग पडे. गल्लीत एखाद्याकडेच ती असायची, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या घरी पोरांची रांग लागायची. शेपटी हलवत आभाळात उडणारा मारिओ बघायला मिळणं हेच मोठं होतं; खेळायची पाळी येईल तेव्हा येईल. नऊ हजारांवर गेम ज्या कॅसेटीत मावतात, तिथं हा एक गेम का मावत नाही, हा प्रश्न तेव्हा बहुतेकांना पडला. त्याचं उत्तर कॅसेटच्या आत बसवलेल्या एका चिपपाशी सापडतं. आणि त्या चिपच्या जोरावर काय उभं राहिलं हे पाहिलं, की ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ साडेतीन दशकांनंतरही पहिल्या रांगेत का बसतो तेही कळतं.

चाळीस किलोबाइटचं जग

ही सगळी यंत्रं एकाच जपानी यंत्राच्या नकला होत्या. निन्टेन्डो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ आणला. अमेरिकेत तोच १९८५ पासून ‘एनईएस’ नावानं विकला गेला. पुढं तैवान आणि चीनमध्ये त्याच्या स्वस्त नकला निघाल्या आणि त्या वेगवेगळ्या नावांनी भारतातल्या बाजारांत पोचल्या. कॅसेटची भोकं, रिमोटची बटणं, आतल्या चिपांचं काम, सगळं मूळ फॅमिकॉमसारखंच. म्हणून जपानमध्ये लिहिलेला गेम लातूरच्या टीव्हीवर जसाच्या तसा चालायचा.

या यंत्राची ताकद आजच्या हिशेबानं फारच थोडी. आतला प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांचा आणि त्याची स्वतःची कामचलाऊ मेमरी अवघी २ किलोबाइट. पडद्यावरचं चित्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६१,४४० ठिपके. ते चित्र ठिपक्या-ठिपक्यानं साठवायचं म्हटलं, तर चारच रंग धरूनही एका पडद्याला १५ किलोबाइट लागतात. आणि पहिला मारिओ, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५), सगळा मिळून होता ४० किलोबाइटचा: ३२ प्रोग्रॅमचे, ८ चित्रांचे. एवढ्या जागेत तीन पडदेसुद्धा मावत नाहीत. मग ३२ लेव्हल कशा मावल्या?

कारण पडदा साठवलेलाच नव्हता. साठवलेले होते आठ गुणिले आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन. पार्श्वभूमीसाठी असे २५६ आणि हलणाऱ्या पात्रांसाठी २५६. विटेचा कोपरा, पाइपचा काठ, मशरूमचा अर्धा भाग, सगळं या चौकोनांत. लेव्हल म्हणजे फक्त ‘इथं एवढ्या उंचीचा पाइप’, ‘इथं विटांची ओळ’ अशा आज्ञांची यादी. चित्र त्या-त्या क्षणी जुळवलं जाई. जागा वाचवण्याची हौस इतकी, की पहिल्या मारिओतला ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. ज्यांनी तो गेम शेकडो वेळा खेळला त्यांतल्या कितीतरी जणांच्या हे लक्षात आलेलं नसतं.

आता ‘९९९९’चं गुपित उलगडतं. बॅटल सिटी, डक हंट, सर्कस, रोड फायटर, पहिला मारिओ हे सगळे याच छोट्या घराण्यातले गेम, प्रत्येकी ४० किलोबाइटच्या आत बसणारे. कॅसेट बनवणारा असे काही डझन गेम एकापुढे एक ठेवायचा आणि यादीत तेच पुन्हा पुन्हा छापायचा. फरक एवढाच की अमुक क्रमांकावर मारिओ पहिल्या वर्ल्डपासून सुरू व्हायचा, तमुक क्रमांकावर चौथ्यापासून. कुठल्या वर्ल्डपासून सुरुवात करायची ही नोंद मेमरीत एका बाइटची असते. ती बदलली की ‘नवा’ गेम तयार.

दुकानाची मांडणी आणि मागचं गोदाम

फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कॅसेटमधलं एका वेळी ३२ किलोबाइटच दिसतं, आणि चित्रं दाखवणाऱ्या चिपला ८ किलोबाइट. यंत्राची रचनाच तशी. पहिला मारिओ बरोबर या मापाचा होता. मारिओ थ्री मात्र ३८४ किलोबाइटचा: २५६ प्रोग्रॅमचे आणि १२८ चित्रांचे. साडेनऊ पटींहून मोठा.

एवढा मोठा गेम एवढ्याशा जागेतून चालवायची युक्ती समजून घ्यायला गंजगोलाईतलं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणावं. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात त्या गोलाईत दर्शनी जागा तोकडी. गिऱ्हाइकासमोर चार फळ्या मांडता येतात. उरलेला माल मागच्या गोदामात. गिऱ्हाइकानं लुगडं मागितलं की गोदामातला पोऱ्या एका फळीवरचा माल काढून दुसरा लावतो. गिऱ्हाइकाला गोदाम कधी दिसत नाही; त्याला वाटतं, या दुकानात सगळंच आहे. मारिओ थ्रीच्या कॅसेटीत या पोऱ्याचं काम करणारी एक जादा चिप आहे. निन्टेन्डोनं तिला ‘एमएमसी३’ नाव दिलं. प्रोग्रॅमचे ८ किलोबाइटचे ३२ गठ्ठे गोदामात. प्रोसेसरला त्यांतले एका वेळी चार दिसतात. लागेल तसे गठ्ठे खेळ चालू असतानाच, क्षणाच्याही छोट्या भागात बदलले जातात.

‘९९९९ इन वन’मधल्या साध्या चिपला हे जमत नसे. यादीतून गेम निवडला की ती एकदाच माल मांडायची आणि पुढं बटण बंद होईपर्यंत तीच मांडणी. छोट्या गेमांना तेवढं पुरतं. मारिओ थ्रीला खेळता खेळता दर घडीला मांडणी बदलणारी हुशार चिप हवी, आणि ती चिप कॅसेटीगणिक पैसे वाढवते. पुढं या चिपच्याही नकला निघाल्या, आणि मग ‘फोर इन वन’सारख्या मोजक्या गेमांच्या कॅसेटींमध्ये मारिओ थ्री दिसू लागला. यादी लांबलचक असली की आतले गेम छोटे आणि यादी आखूड असली की आतले गेम मोठे, हा त्या काळचा बाजारातला भरवशाचा हिशेब होता. दुकानात उभ्या असलेल्या मुलाला तो कुणी सांगितला असता तर कितीतरी सुट्ट्या सत्कारणी लागल्या असत्या.

या चिपचा आणखी एक गुण आहे. टीव्हीचं चित्र वरून खाली, ओळीओळीनं रंगतं. एमएमसी३ त्या ओळी मोजते आणि ठरलेली ओळ आली की प्रोसेसरला टोकते. मारिओ थ्रीमध्ये खालची पट्टी, जिथं पॉइंट, नाणी आणि उरलेला वेळ दिसतो, ती स्थिर राहते आणि वरचं जग हवं तसं सरकतं, ते या टोकण्यामुळे. पहिल्या मारिओत पडदा फक्त उजवीकडे जाई. मागं सोडलेली मशरूम कायमची गेली. थ्रीमध्ये मागं वळता येतं, वर उडता येतं, पाइपातून खाली उतरता येतं.

> चौकट: पडद्यावर डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा
>
> प्रश्नचिन्हाचा ठोकळा. पहिल्या मारिओत तो नुसता लुकलुकतो, कारण तिथं फक्त रंग बदलतो. थ्रीमध्ये प्रश्नचिन्ह फिरत राहतं, कारण चिप दर काही क्षणांनी चित्रांचा अख्खा गठ्ठा बदलते.
>
> उजव्या कडेचे चुकीचे रंग. थ्रीमध्ये पळताना पडद्याच्या उजव्या काठावर रंगांचे ठिगळ दिसतात. कॅसेट खराब नाही. रंग १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चौकोनांनाच देता येतात आणि सरकणाऱ्या जगाचा नवा भाग ऐन काठावर रंगवला जातो, म्हणून ते उघडे पडतात.
>
> लुकलुकणारे शत्रू. एका ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवता येतात. नववा आला की कुणाला तरी वगळावं लागतं. गेम दर वेळी वेगळ्याला वगळतो, म्हणून कुणीच पूर्ण नाहीसं होत नाही, सगळे लुकलुकतात.
>
> फुंकर. कॅसेट चालू होते ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. तोंडच्या वाफेनं उलट धातूची टोकं गंजायला मदत होते.

दुसऱ्या भागाचं काय झालं होतं

जागा वाढली म्हणजे गेम चांगला होतो असं नाही. पहिल्या भागाला यश मिळालं की पुढच्या भागात काय करावं हा प्रश्न निन्टेन्डोलाही सुटायला वेळ लागला.

जपानमध्ये १९८६ साली मारिओचा दुसरा भाग आला. चित्रं जवळपास तीच, उड्या त्याच, फक्त कठीण, कधीकधी छळ वाटावा इतका कठीण. विषारी मशरूम, मागच्या वर्ल्डकडं नेणाऱ्या चोरवाटा, उडी मारताना ढकलणारा वारा. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठी तो परीक्षेचा पेपर होता. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या शाखेनं तो घेतलाच नाही. त्याऐवजी १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा वेगळा जपानी गेम घेऊन त्यातली पात्रं बदलली आणि १९८८ मध्ये तो तिकडं ‘मारिओ २’ म्हणून विकला. चांगला गेम आहे, भाज्या उपटून फेकायची त्यात गंमतही आहे, पण त्याचं घराणं वेगळं.

तिसऱ्या भागावर निन्टेन्डोतल्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूनं दोन वर्षांहून जास्त काम केलं. सुरुवातीला कॅमेरा वरून तिरका ठेवायचा बेत होता. पण वरून पाहिलं की मारिओ जमिनीवर आहे की हवेत, याचा अंदाज येईना, म्हणून तो सोडला. त्याची खूण राहिली आहे: गेम सुरू होताना नावाखाली दिसणारी बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी. २३ ऑक्टोबर १९८८ ला तो जपानमध्ये निघाला. कॅसेटमध्ये लागणाऱ्या चिपांचा तेव्हा जगभर तुटवडा होता, आणि अमेरिकेत तो पोचला १९९० साली. जगभरात त्याच्या १ कोटी ७० लाखांहून अधिक कॅसेटी विकल्या गेल्या, आणि त्यात सामुराई किंवा मीडियावर खेळल्या गेलेल्या एकाही नकलेची गणती नाही.

या चमूनं घेतलेला मुख्य निर्णय असा: अवघडपणा वाढवायचा नाही, वाटा वाढवायच्या. चांगला सिक्वेल म्हणजे काय याचं याहून नेमकं उदाहरण व्हिडिओ गेमच्या इतिहासात शोधूनही मिळणं कठीण.

न बोलता शिकवणारी लेव्हल

पहिल्या वर्ल्डची पहिली लेव्हल सावकाश पाहण्यासारखी आहे. नकली कॅसेटीसोबत माहितीपुस्तिका येत नसे. आली असती तरी इंग्रजीत किंवा जपानीत. गल्लीतल्या पोरांना ती वाचता आली नसती. गरजही पडली नाही.

सुरुवातीला गूम्बा नावाचा एकटा शत्रू, पहिल्या मारिओपासून ओळखीचा. थोडं पुढं स्क्रू ठोकलेले रंगीत ठोकळे आणि त्यांच्या आसपास लाल कवचाचं कासव. जवळच प्रश्नचिन्हाचा एक ठोकळा चक्क जमिनीवर ठेवलेला. डोक्यानं खालून ठोसा मारायची सवय लागलेल्या खेळाडूला हा ठोकळा कोड्यात टाकतो, कारण याच्या खाली जागाच नाही. मग कासवावर उडी बसते, कवच सुटतं, लाथेनं घरंगळत जाऊन त्या ठोकळ्यावर आपटतं आणि आतून एक पान तरंगत बाहेर येतं. पान अंगाला लागलं की मारिओला कान फुटतात, शेपटी येते. कवचानंही ठोकळे फुटतात आणि पानानं शेपटी येते, या दोन नव्या गोष्टी एकाच चुकीतून शिकून होतात.

त्यापुढं मोकळी सपाट जमीन. हात आपोआप पळण्याच्या बटणावर जातो. ‘बी’ दाबून धरलं की खालच्या पट्टीत एकेक बाण उजळत जातो. सहा बाण भरले की शेवटचं ‘पी’ लुकलुकायला लागतं, आवाज बदलतो, आणि आता ‘ए’ पुन्हा पुन्हा दाबलं की मारिओ जमीन सोडतो. वर आभाळात नाणी मांडून ठेवलेली आहेतच. पान नेमकं त्या मोकळ्या पट्ट्याच्या आधी ठेवलं आहे आणि पट्टा नेमका तेवढाच लांब आहे, जेवढा बाण भरायला लागतो. लेव्हल रचणाऱ्यानं एक शब्दही न लिहिता मुलाला उडायला शिकवलेलं असतं, आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच सापडलं. ‘अबे, उडायलाय की हा!’ असं जो पहिल्यांदा ओरडला असेल, त्याचा आनंद शोध लावणाऱ्याचा होता.

उडीचं गणित

मारिओची उडी हाताला इतकी गोड का लागते, यालाही ठोस कारण आहे. गेम दर चित्राला मारिओचा वेग मोजतो, तोही ठिपक्याच्या सोळाव्या भागापर्यंत. म्हणून तो एकदम पळत सुटत नाही, एकदम थांबतही नाही. घसरतो, वळताना पाय रोवतो. उडीच्या वेळी दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, जमीन सोडताना तो किती वेगात होता; जास्त वेग, जास्त उंच उडी. दुसरी, ‘ए’ अजून दाबलेलं आहे का. दाबलेलं असेल तोवर वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी धरलं जातं, बोट उचललं की वाढवलं जातं. खऱ्या जगात जमीन सोडल्यावर उडीची उंची बदलता येत नाही. इथं येते, आणि म्हणूनच खेळाडूला हवेतसुद्धा मारिओ आपल्या ताब्यात वाटतो.

यात भारतातल्या खेळाडूंसाठी एक गोष्ट जास्तीची आहे. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवत. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० चित्रांचे. गेमचं घड्याळ चित्रांवरच चालतं. त्यामुळे पाल टीव्हीसाठी जुळवलेल्या नकली यंत्रावर मारिओ जपानपेक्षा सहाव्या हिश्शानं संथ पळायचा आणि गेमचे संगीतकार कोजी कोंदो यांचं संगीतही तेवढंच रेंगाळायचं. नांदेडात लहानपणी मारिओ थ्री पाठ झालेला माणूस आज मूळ वेगाच्या आवृत्तीवर बसला, तर पहिल्याच खड्ड्यात पडतो, ते वयामुळे नव्हे.

शत्रूंच्या वागण्यातही असंच थोडक्यात मोठं काम आहे. या गेममध्ये पहिल्यांदा आलेलं ‘बू’ नावाचं पांढरं भूत मारिओची पाठ असली की चाल करून येतं आणि तोंड वळवलं की डोळे झाकून जागच्या जागी थांबतं. प्रोग्रॅमला एवढंच तपासायचं असतं: मारिओ कुठल्या बाजूला आहे आणि त्याचं तोंड कुठं आहे. त्याचा परिणाम मात्र असा, की भूत लाजतंय असं कुणालाही वाटावं. मियामोतो यांनी सांगितलंय, की ही कल्पना तेझुकांच्या पत्नीवरून आली. एरवी त्या शांत, पण नवरा कामावरून रोज उशिरा येतो म्हणून एक दिवस त्यांचा राग उफाळला. साखळीनं बांधलेला, झेपावणारा काळा गोळाही याच गेमपासूनचा; त्यामागं मियामोतोंच्या लहानपणीचा साखळीतला कुत्रा आहे.

सगळं नाटक आहे

गेम सुरू होतो तेव्हा लाल पडदा वर जातो. बहुतेकांनी त्याकडं नुसती सजावट म्हणून पाहिलं. नीट पाहिलं तर खुणा सगळीकडं आहेत. रंगीत ठोकळ्यांना स्क्रू ठोकलेत आणि त्यांची सावली मागच्या आभाळावर पडते, म्हणजे आभाळ हा रंगवलेला पडदा. काही फळ्या वरून टांगलेल्या. लेव्हल संपते तिथं मारिओ काळोख्या भागात निघून जातो, तो विंगेत. अनेक वर्षं रसिक हे ताडत होते. २०१५ मध्ये मियामोतो यांनी एका चित्रफितीत मान डोलावली आणि मारिओ थ्री हा रंगमंचावरचा प्रयोग असल्याचं कबूल केलं.

ही कल्पना नुसती दिखाऊ नाही, ती खेळात उतरली आहे. पहिल्या वर्ल्डच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये शेवटाकडं एक पांढरा ठोकळा आहे. त्यावर उभं राहून खालचं बटण काही सेकंद दाबून धरलं की मारिओ पुढून खाली घसरतो आणि नेपथ्याच्या मागं जातो. तसाच पळत लेव्हलच्या शेवटापलीकडं गेलं की एक घर लागतं आणि पेटीतून निघते जादूची बासरी. ती वाजवली की वावटळ मारिओला पुढच्या वर्ल्डांकडं उडवून नेते. अशा तीन बासऱ्या आहेत. दुसरी पहिल्याच वर्ल्डच्या किल्ल्यात, छतावरून उडत गेल्यावर. तिसरी वाळवंटाच्या वर्ल्डमध्ये, हातोड्यानं खडक फोडल्यावर. महिनोन्‌महिने एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ही माहिती तोंडी फिरत असे, आणि ती ज्याला ठाऊक त्याला वजन असे.

नकाशा आणि गेलेली लाइट

मारिओ थ्रीचा सगळ्यात दूरवर पोचलेला शोध म्हणजे नकाशा. आठ वर्ल्ड: गवताळ रान, वाळवंट, समुद्र, सगळंच अवाढव्य असलेलं बेट, ढग, बर्फ, पाइपांचं जाळं आणि शेवटी खलनायक बाउझरची काळोखी भूमी. प्रत्येकाचा नकाशा, त्यावर लेव्हलची घरं, किल्ले, भेट देणारी मशरूमची घरं, फिरते हातोडेवाले. एक लेव्हल जड गेली तर काही ठिकाणी दुसऱ्या वाटेनं जाता येतं. मिळालेली पानं, फुलं, बेडकाचा वेष साठवून ठेवता येतो आणि लागेल तेव्हा वापरता येतो. दोघं खेळत असले तर एकाची लेव्हल संपली किंवा तो मेला की दुसऱ्याची पाळी, आणि दोघं मिळून एकच नकाशा मोकळा करतात. रिमोटवरून होणारी भांडणं यामुळे थांबली नाहीत, पण कमी नक्की झाली.

सगळी लाइफ संपली तरी सगळं वाया जात नाही. त्याच वर्ल्डच्या सुरुवातीपासून पुन्हा खेळता येतं, आणि किल्ला पाडून उघडलेलं कुलूप उघडंच राहतं.

लाइट गेली की मात्र सगळं जातं. या कॅसेटीत बॅटरी नाही. निन्टेन्डोच्याच ‘झेल्डा’ गेमच्या अमेरिकी कॅसेटीत १९८७ सालीच बॅटरी होती, तिच्यावर खेळाची प्रगती जपली जाई. मारिओ थ्रीला ती दिली नाही, आणि हा त्याचा सगळ्यात ठळक दोष आहे. आठही वर्ल्ड सरळ मार्गानं पार करायचे तर कित्येक तास सलग बसावं लागतं. क्योटोत, निन्टेन्डोच्या गावी बसलेल्या माणसाला हे अवघड वाटलं नसेल. लोडशेडिंगच्या वेळापत्रकात उन्हाळे काढलेल्या नांदेड-लातूरच्या मुलांना सहाव्या वर्ल्डच्या बर्फात पोचल्यावर पंखा आणि टीव्ही एकदम थांबणं म्हणजे काय ते विचारावं. शेकडो मुलांनी इथं शेवटचा बाउझर कधी पाहिलाच नाही.

बासऱ्यांचं महत्त्व इथं वाढतं. पहिल्या वर्ल्डमध्येच दोन बासऱ्या मिळवून लागोपाठ वाजवल्या की मारिओ थेट आठव्या वर्ल्डमध्ये पोचतो. लाइट जायच्या आत शेवट गाठायचा तो एक मार्ग होता. पण त्यात मेख आहे: वाटेत साठवायची पानं आणि वेष हाती नसतात, आणि रणगाड्यांच्या रांगा, तोफांची जहाजं यांच्यासमोर रिकाम्या हातांचा मारिओ टिकत नाही. घाईनं पोचलेले बहुतेक तिथंच संपले.

दोष निन्टेन्डोच्याही लक्षात आला असावा. १९९३ मध्ये पुढच्या पिढीच्या यंत्रासाठी चारही जुने मारिओ नव्या चित्रांसह एकत्र निघाले, तेव्हा प्रगती जपायची सोय आली.

आज हा गेम निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर सदस्यत्व घेऊन अधिकृतपणे खेळता येतो, आणि तिथं कुठल्याही क्षणी थांबून पुढं तिथूनच सुरू करता येतं. ज्यांचा सहाव्या वर्ल्डपाशी अडकलेला हिशेब अजून बाकी आहे, त्यांनी तो जरूर पुरा करावा. शेजारी घरातलं एखादं लहान मूल बसवावं, रिमोट त्याच्या हाती द्यावा आणि पहिली लेव्हल संपेपर्यंत त्याला काहीही सांगू नये. बासऱ्या मात्र या खेपेला वापरू नयेत. त्या वाजवल्या की पाचव्या वर्ल्डची तिसरी लेव्हल हुकते. तिथं एका गूम्बाला खालून धक्का देऊन त्याचा भलामोठा हिरवा बूट मिळवता येतो आणि मारिओ त्यात बसून काट्यांवरून उड्या मारत जातो. तो बूट अख्ख्या गेममध्ये त्या एकाच लेव्हलमध्ये मिळतो.